"१०० फ्री सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये" वाला पॅक टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे, की घरात विंडोज ११ वाला नवा लॅपटॉप आलाय, तो घरातले सगळे वापरणार, मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट, वडिलांचे मेल, फोटो, महिन्याचा हिशेब, थोडेफार व्हिडिओ, आणि ओळखीतल्या एकाने पेनड्राइव्हवर "१०० फ्री सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये" असा पॅक आणून दिलाय. तो टाकू का, आणि तो नको असेल तर दुसरा कुठला चांगला पॅक आहे?

तो पॅक टाकू नका. पेनड्राइव्ह देणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, त्याबद्दल शंका नाही, पण त्यालाही तो पॅक दुसऱ्या कुणाकडून मिळालाय आणि त्या दुसऱ्याला तिसऱ्याकडून, त्यामुळे आत काय भरलंय हे कुणालाच माहीत नसतं. मी पंधराएक वर्षं लोकांच्या घरचे कॉम्प्युटर लावून देणं आणि बिघडले की ठीक करणं हेच काम करतोय आणि "अचानक स्लो झालाय", "जाहिराती कुठूनही येतायत" अशा तक्रारीच्या मुळाशी असला एखादा पॅक मी इतक्या वेळा बघितलाय की आता घरी गेल्यावर आधी विचारतोच, मध्यंतरी कुणी काही एकदम टाकून दिलं होतं का.

पॅकची पहिली अडचण व्हायरस नाही, शिळेपणा आहे. ज्या दिवशी कुणी पॅक बनवला त्या दिवसाची व्हर्जन त्यात गोठतात, आणि तुमच्या हातात येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं उलटलेली असतात. याने काय होतं ते एका उदाहरणात सांगतो. झिपसारख्या दाबून बांधलेल्या फाइली उघडणारं विनरार घरोघरी असतं, त्यात २०१९ साली सुरक्षेचं एक भोक उघड झालं, खास बनवलेली फाइल नुसती एक्स्ट्रॅक्ट केली की ती गुपचूप स्टार्टअप फोल्डरमध्ये प्रोग्राम ठेवून जायची, आणि हे भोक सुमारे १९ वर्षं तिथे होतं. कंपनीने दुरुस्ती काढली, पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, म्हणजे ज्यांनी जाऊन नवं व्हर्जन टाकलं नाही त्यांच्याकडे ते भोक तसंच राहिलं, आणि पॅकमध्ये तर जुनंच व्हर्जन फिरत राहिलं. सेव्हन-झिप या त्याच कामाच्या सॉफ्टवेअरचं पण तसंच, नेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज जी "ही बाहेरून आलीय" अशी खूण मारतं ती खूण त्यातून एक्स्ट्रॅक्ट करताना गळून पडू शकत होती, ते २४.०९ व्हर्जनमध्ये दुरुस्त झालं, आणि सेव्हन-झिपसुद्धा आपणहून अपडेट होत नाही. त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरला सॉफ्टवेअर टाकण्याइतकंच, खरं तर जास्तच, महत्त्वाचं आहे ते पुढे ताजं कसं राहील हे ठरवणं. टाकणं अर्ध्या तासाचं काम, अपडेट चार-पाच वर्षं चालणार.

दुसरी अडचण क्रॅकची. या "१०० इन १" मध्ये खरी मोफत सॉफ्टवेअर ३०-४० असतात आणि बाकी पैसे देऊन घ्यायची सॉफ्टवेअर कुलूप तोडून घातलेली असतात. ओळखायचं कसं तर सोबत एक वाचा-आधी फाइल असते आणि त्यात पहिलीच ओळ, अँटिव्हायरस बंद करा. ही ओळ दिसली की तिथेच थांबा. कुठलंही प्रामाणिक फ्री सॉफ्टवेअर तुम्हाला अँटिव्हायरस बंद करायला सांगत नाही.

इथे एक शब्दाचा घोळ सोडवून टाकतो कारण निवड करताना त्याचा उपयोग होतो. इंग्रजीत फ्री हा एकच शब्द आहे पण आपल्याकडे मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं, आणि हा फरक खरोखर तसाच आहे. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत एवढंच, आतला कोड बंद, मालकाच्या मनात आलं तर उद्या जाहिराती घालेल नाहीतर पैसे मागेल. मुक्त म्हणजे कोड उघडा, कुणीही बघावा, बदलावा, पुढे वाटावा, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं ते याच अर्थाने. घरच्या माणसाला कोडशी काय करायचंय असं वाटेल, पण फायदा घरच्यालाच होतो. ओपनऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं मुक्त सॉफ्टवेअर सन नावाच्या कंपनीकडे होतं, २०१० मध्ये ओरॅकल या दुसऱ्या कंपनीने सन विकत घेतली, काम करणाऱ्यांना पुढचं काही खरं वाटेना, तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी तोच कोड उचलला आणि लिबरऑफिस नावाने वेगळं दुकान मांडलं. लोकांच्या फाइली एका दिवसासाठीही अडकल्या नाहीत. बंद कोड असता तर हे झालंच नसतं. म्हणून जिथे तुमचा डेटा राहणार आहे, कागदपत्रं, पासवर्ड, मेल, तिथे मुक्तच घ्या, आणि नुसता व्हिडिओ बघायचा किंवा फोटो फिरवायचा असेल तिथे मोफत चाललं तरी चालेल. मी तरी याच नियमाने चालतो.

आता काय टाकायचं.

सगळ्यात जास्त वेळ ऑफिसवर, म्हणजे वर्ड-एक्सेलसारख्या कामाच्या सॉफ्टवेअरवर, जाईल म्हणून तिथून सुरू करतो. लिबरऑफिस टाका, ओपनऑफिस नाही. दोन्ही अजून मिळतात आणि नावामुळे लोक फसतात, पण ओपनऑफिसची ४.१ ही मालिका २०१४ पासून तीच चालू आहे आणि त्यात वर्डची डॉक्स फाइल उघडते पण डॉक्समध्ये सेव्ह करता येत नाही, शाळेत फाइल द्यायची वेळ आली की तिथेच गाडी अडते. लिबरऑफिसमध्ये रायटर (वर्डसारखं), कॅल्क (एक्सेलसारखं), इम्प्रेस (पॉवरपॉइंटसारखं) ही रोजची तीन आणि ड्रॉ, बेस, मॅथ ही वरकड तीन असा संच आहे. टाकल्यावर लगेच दोन गोष्टी करा. टूल्स मध्ये ऑप्शन्स, तिथे लोड-सेव्ह, त्यात जनरल, तिथे डॉक्युमेंट नेहमी कुठल्या प्रकारात सेव्ह व्हावं ते ठरवता येतं. मुलगी शाळेत वर्डवर काम करणार असेल तर डॉक्स ठेवा, नसेल तर आहे तेच ओडीटी, म्हणजे लिबरऑफिसचा स्वतःचा प्रकार, राहू द्या, ते २००६ पासून आयएसओ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा आराखडा जगजाहीर आहे, दहा वर्षांनी उघडायची चिंता नाही. दुसरं म्हणजे व्ह्यू मध्ये यूजर इंटरफेस मध्ये जाऊन टॅब्ड निवडा, वर्डसारख्या पट्ट्या येतात आणि घरच्यांची "हे वेगळंच दिसतंय" ही कुरकुर निम्म्याने कमी होते.

लिबरऑफिसबद्दलची कायमची तक्रार म्हणजे "वर्डची फाइल उघडली की विस्कटते". हे पुष्कळदा फॉन्टमुळे होतं आणि लोक शिव्या सॉफ्टवेअरला देतात. मागे एकांकडे दोन पानांचा अर्ज उघडला की तिसऱ्या पानावर फक्त सहीची ओळ जायची, ते दर वेळी एंटर खोडून खोडून वर आणायचे आणि परत पाठवला की समोरच्याकडे सगळं वर सरकलेलं. मी मजकुरावर कर्सर ठेवून फॉन्टच्या चौकटीत बघितलं तर तिथे ॲप्टॉस हे नाव तिरक्या अक्षरात होतं. रायटरमध्ये फॉन्टचं नाव तिरकं दिसलं म्हणजे तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नाहीये आणि त्याच्या जागी दुसराच वापरला जातोय, दुसऱ्याची अक्षरं किंचित रुंद, प्रत्येक ओळीत एक शब्द खाली ढकलला जातो आणि शेवटी सही तिसऱ्या पानावर. कॅलिब्रीच्या वेळी हा त्रास कमी होता कारण लिबरऑफिस सोबत कार्लिटो नावाचा फॉन्ट येतो, त्याची अक्षरं मुद्दाम कॅलिब्रीच्याच मापाची केलेली आहेत, पण मायक्रोसॉफ्टने ऑफिसचा नेहमीचा फॉन्ट बदलून ॲप्टॉस केल्यापासून हे परत सुरू झालंय. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ॲप्टॉस मोफत डाउनलोडला आहे, तो टाकला आणि तो अर्ज दोन पानात बसला. एक्सेलमधले मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) असलेल्या फाइली मात्र कॅल्कमध्ये पूर्ण चालतील अशी आशा धरू नका, काही चालतात काही नाही, घरच्या हिशेबाला त्याची गरज पडत नाही पण ऑफिसचं काम घरी आणत असाल तर हे माहीत असू द्या.

कुणाला फक्त वाचायला पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवा, फॉन्टची भानगडच नाही. आणि एक्स्पोर्ट करताना हायब्रिड पीडीएफ म्हणून एक टिकमार्क आहे तो बघा, त्याने पीडीएफच्या पोटात मूळ फाइलपण राहते, म्हणजे समोरच्याला साधी पीडीएफ दिसते आणि तुम्ही तीच रायटरमध्ये उघडली की परत बदल करता येतात. ही इतकी कामाची सोय आहे आणि फारसं कुणाला माहीतच नसते.

मराठीत टाइप करणार असाल तर एक सांगून ठेवतो, रायटरमध्ये इंग्रजी आणि देवनागरीचा फॉन्ट आणि साइज वेगवेगळा धरला जातो, त्यामुळे स्टाइल बदलताना फक्त वरची इंग्रजीची बाजू बदलली तर मराठी अक्षरं आहेत तशीच राहतात आणि बदल होत नाही असं वाटतं, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट असं लिहिलेल्या भागातही बदल करा. कीबोर्डसाठी वेगळं काही डाउनलोड करायची गरज नाही, २०१९ पासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषा जोडली की मिळतो.

ब्राउझर. फायरफॉक्स टाका आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम), लेखकाचं नाव रेमंड हिल असं दिसतंय ना हे बघून, कारण मिळतीजुळती नावं बरीच आहेत. क्रोममध्ये पूर्वी हेच चालायचं पण क्रोमने एक्स्टेन्शनची जुनी पद्धत बंद केल्यापासून तिथे फक्त लाइट व्हर्जन चालतं. मी याला सोय म्हणून नाही तर सुरक्षा म्हणून बघतो, विशेषतः घरात वडीलधारी माणसं वापरणार असतील तेव्हा, कारण खोटं डाउनलोड बटण आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला" वाली लाल खिडकी ही जाहिरातीतूनच येते, जाहिरात दिसलीच नाही तर क्लिक व्हायचा प्रश्न नाही.

व्हिडिओला व्हीएलसी, यात दुसरं मत नको. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं काम, २००१ मध्ये मुक्त केलं, आणि वेगवेगळ्या प्रकारचे व्हिडिओ चालवायला लागणारे सगळे कोडेक पोटातच असल्यामुळे "कोडेक पॅक" नावाचा प्रकार आता कुणी टाकू नये, त्याची गरजच संपली. झिपला सेव्हन-झिप. पीडीएफ वाचायला ब्राउझर पुरतो, फॉर्मसुद्धा त्यात भरता येतात, अगदी वेगळं हवंच असेल तर सुमात्रा, हलकं आहे. अँटिव्हायरस विंडोजचा स्वतःचा डिफेंडर राहू द्या, वर दुसरा फ्री अँटिव्हायरस टाकला की तो रोज घाबरवून पैसे भरायला लावतो आणि मशीन जड होते ते वेगळंच.

पासवर्ड हा विषय लोक टाळतात आणि मला तो ऑफिसनंतर सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरातल्या चौघांचे पासवर्ड एका वहीत किंवा वर्डच्या फाइलमध्ये असतात, मी शंभर घरांत बघितलंय. एकाच मशीनवर काम असेल तर कीपास-एक्ससी, त्यात सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात आणि ती फाइल तुमच्याच ताब्यात, फक्त तिची कॉपी दुसरीकडे ठेवा. मोबाइलवर पण हवे असतील तर बिटवॉर्डन, त्याचं मोफत खातं घरच्या वापराला पुरतं. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवा, ते चुकीचं नाही, तो विसरलात तर उघडून देणारं कुणी नाही.

फोटोबद्दल, गिंप ताकदवान आहे, २०२५ मध्ये ३.० आलं, पण नुसता फोटो कापायचा, उजळ करायचा तर विंडोजचं फोटोज ॲप पुरतं, गिंप शिकायला वेळ द्यायची तयारी असेल तरच टाका. आवाज रेकॉर्ड करून कापायला ऑडॅसिटी, व्हिडिओ जोडायला शॉटकट. हे तिन्ही गरज पडेल तेव्हा टाका, आज नको.

आज नको असं का म्हणतोय त्याला कारण आहे. २०१७ मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत ५.३३ व्हर्जनमध्येच कुणीतरी आत शिरून घातक कोड मिसळला होता, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून डाउनलोड केलेलं असूनसुद्धा सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर ते गेलं. म्हणजे मूळ ठिकाणाहून घेतलं तरी धोका शून्य होत नाही, प्रत्येक सॉफ्टवेअर हे घराला आणखी एक दार आहे, वापर नसेल तर दार कशाला. आणि क्लीनर, रजिस्ट्री साफ करणारे, ड्रायव्हर अपडेटर, स्पीड बूस्टर ही जात तर अजिबातच नको, विंडोज ११ ला त्यातल्या एकाचीही गरज नाहीये.

घ्यायचं कुठून हा खरा प्रश्न. सर्चमध्ये नाव टाकून पहिली लिंक दाबू नका, पहिली लिंक बऱ्याचदा जाहिरात असते. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड ठेवायच्या सॉफ्टवेअरच्या नावाने अशीच जाहिरात लागली होती, पत्ता हुबेहूब, फरक एवढाच की पहिल्या के अक्षराखाली एक बारीक शेपटी होती, स्क्रीनवर ती धुळीच्या कणासारखी दिसायची, आणि आत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर. मोठ्या डाउनलोड साइटवर पण आंधळा विश्वास नको, २०१५ मध्ये सोर्सफोर्जवर गिंपच्या विंडोज इन्स्टॉलरसोबत जाहिरातींची जास्तीची सॉफ्टवेअर जोडलेली निघाली म्हणून बराच गदारोळ झाला होता, पुढच्या वर्षी मालक बदलले आणि नव्या मालकांनी ती पद्धत बंद केली. इन्स्टॉल करताना एक्सप्रेस आणि कस्टम असे दोन पर्याय आले तर कायम कस्टम घ्या आणि प्रत्येक पान वाचा, टिकमार्क आधीच मारून ठेवलेले असतात.

आणि तुम्हाला पॅकच हवा असेल, एका क्लिकमध्येच हवं असेल, तर त्याचा योग्य प्रकार आहे. निनाइट नावाची साइट आहे, त्यावर हव्या त्या सॉफ्टवेअरसमोर टिक करायची, ती एक छोटी फाइल देते, ती चालवली की प्रत्येक सॉफ्टवेअरचं त्या दिवसाचं ताजं व्हर्जन त्याच्या मूळ साइटवरून आणून टाकते, मधल्या टूलबारला स्वतःच नाही म्हणते, आणि महिन्याने तीच फाइल परत चालवली की जे जुनं झालंय तेवढंच अपडेट होतं. लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, सेव्हन-झिप सगळं तिथे आहे. दुसरा मार्ग विंडोज ११ मध्येच आहे, विंगेट, टर्मिनल ही आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून विंगेट, मग अपग्रेड, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून ऑल एवढं इंग्रजीत टाइप केलं की त्याला माहीत असलेलं सगळं अपडेट होतं. ज्यांना काळी खिडकी नको वाटते त्यांनी निनाइट वापरावं, पण दोन्हीतलं एक ठरवा आणि महिन्याच्या एखाद्या ठरलेल्या दिवशी घरातल्या एकाने ते करायचं असं पक्कं करा. सेव्हन-झिपसारखं जे आपणहून अपडेट होत नाही त्याची काळजी याने आपोआप मिटते.

बॅकअपचं सांगायचं राहिलं, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर पण लागत नाही, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि विंडोजची फाइल हिस्टरी, कंट्रोल पॅनेलमध्ये मिळेल. फक्त बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा, लावून ठेवलेली डिस्क मशीनसोबतच जाते, रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर दोन्ही लॉक. मी असं एक घर बघितलंय जिथे बॅकअप नियमित होता, रोज होत होता, आणि डिस्क कायम लावलेली होती, आठ वर्षांचे फोटो दोन्हीकडचे गेले, त्या बाई काही बोलल्याच नाहीत, नुसत्या स्क्रीनकडे बघत बसल्या. त्यानंतर मी कुठल्याही घरातून निघताना डिस्क काढून कपाटात ठेवूनच निघतो.

शेवटी त्या पेनड्राइव्हचं काय करायचं. घरात जुना लॅपटॉप पडला असेल, विंडोज १० वाला, ज्याच्यावर ११ चढत नाही, तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. पेनड्राइव्ह ८ जीबीची असली तरी पुरे, रुफस नावाच्या छोट्या मुक्त प्रोग्रामने तिच्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, घाला, त्यात आधीचं सगळं पुसलं जाईल आणि ते बरंच आहे. मिंटमध्ये फायरफॉक्स, लिबरऑफिस, मेलसाठी थंडरबर्ड आधीपासून असतात आणि सगळ्यांचं अपडेट एकाच ठिकाणाहून येतं, तुम्ही शोधत होता तो पॅक खऱ्या अर्थाने हाच आहे. आधी इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का, या तिन्ही गोष्टी जमल्या आणि जुन्या लॅपटॉपमधलं हवं ते बाहेर काढून झालं की मगच इन्स्टॉलचं बटण दाबा. प्रिंटर ओळखला नाही तर मॉडेल नंबर कळवा, त्यावर बघू.